सरांनी पाहिलेली वाक्यं

आमचे इंग्रजीचे सर फळ्यावर खोटं वाक्य लिहू देत नसत. खोटं म्हणजे चुकीचं नव्हे. चुकीची वाक्यं आम्ही रोज ढिगानं लिहायचो आणि त्यावरून त्यांनी कुणाला टोचून बोललेलं मला आठवत नाही. 'आय गोज' लिहिलं तर ते शांतपणे नको ती अक्षरं पुसायचे आणि पुढं जायचे. पण जे घडत नाही ते घडतं म्हणून कुणी लिहिलं, की त्यांचा हात थांबायचा. खडूचा तुकडा तपकिरीच्या रिकाम्या डबीत परत जायचा आणि प्रश्न यायचा, "हे कुणी पाहिलंय?"

अशा माणसानं आयुष्यात एकदा, भरल्या वर्गात, धडधडीत खोटं सांगितलं. ते माझ्यासाठी होतं. आज माझं वय बावन्न आहे आणि हे मी पहिल्यांदा लिहितो आहे.

परळला महापालिकेच्या शाळेत आमची रात्रशाळा भरायची. नाव रात्रशाळा, पण सरांचा तास संध्याकाळी सातला. गिरणीची पहिली पाळी सुटून, आंघोळ-चहा उरकून माणसं येतील अशा बेतानं. दिवसा जिथं तिसरी-चौथीची मुलं बसत त्या बाकांवर आम्ही बसायचो. साच्यांपुढं, म्हणजे कापड विणायच्या मागांपुढं, उभं राहून ज्यांच्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या अशा माणसांचे गुडघे बाकाखाली मावत नसत, म्हणून सगळा वर्ग पाय बाहेर काढून तिरका बसलेला असायचा. मी चोवीस वर्षांचा होतो. गिरणीच्या थ्रॉसल खात्यात, म्हणजे जिथं सूत कातलं जातं तिथं, बदली कामगार. बदली म्हणजे ज्यानं रोज सकाळी गेटवर उभं राहून आज कुणी खाडा केलाय का याची वाट बघायची, तो. सहा वर्षं मी अशी वाट बघत होतो.

सर ठाकूरद्वारला एका वाडीत एकटे राहत आणि दिवसा गिरगावातल्या हायस्कुलात शिकवत. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, उन्हाळ्यातसुद्धा काळा सुती कोट. कोटाच्या डाव्या खिशात खडूची डबी आणि उजव्यात एक लांबट वही. आम्हा सगळ्यांना ते 'अहो' म्हणत. मलाही. "तुम्ही दिवसभर काम करून येता, मी तुम्हांला अरे-तुरे कसं म्हणू?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

पाठ्यपुस्तक त्यांना आवडत नसे. त्यातला राम शाळेत जायचा आणि सीता आंबा खायची. "हा राम कुठला? मी याला ओळखत नाही," असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं ते मिटलंच. त्यांचा कायदा असा होता : रोज जे करता त्याचं एक वाक्य प्रत्येकानं इंग्रजीत सांगायचं. ते वाक्य सर त्या लांबट वहीत उतरवून घ्यायचे, आणि मग सवड काढून, स्वतः जाऊन, ते खरं आहे का ते बघायचे. कुणी म्हणालं, मी चार वाजता भायखळ्याच्या मंडईजवळ चहा पितो, की एखाद्या रविवारी चारला सर तिथं हजर. चहा घेणार नाहीत, बाकावर बसून बघतील. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या वाक्यापुढं टिक करून एकच शब्द उच्चारायचा : "पाहिलं." तो शब्द ऐकायला आम्ही मोठाली माणसं पोरांसारखी ताठ बसायचो.

आत्ता या क्षणी चालू असलेल्या गोष्टीचं वाक्य असेल तर कायदा आणखी कडक. ते करता करताच म्हणायचं. 'आय अ‍ॅम सिटिंग' म्हणणारा उभा असून चालायचं नाही. एकदा एका साचेवाल्याला त्यांनी 'आय अ‍ॅम ओपनिंग द विंडो' हे वाक्य दिलं. खिडकी गंजून कायमची बसलेली. त्या भल्या माणसानं वाक्य म्हणत म्हणत असा हिसका दिला की चौकटीसकट खिडकी त्याच्या हातात आली. शिपाई धावत येण्याच्या आत सर म्हणाले, "आता म्हणा, आय अ‍ॅम ब्रेकिंग द विंडो. हे खरं वाक्य." आणि वहीत उतरवून तिथंच टिक केली.

सूर्याची गोष्ट तर आमच्या लालबागच्या चाळीत कित्येक वर्षं सांगितली जायची. कुणीतरी पुस्तकातलं वाचून 'द सन राइजेस इन द ईस्ट' असं ठोकून दिलं. सरांनी विचारलं, "कुणी पाहिलाय?" आणि खरंच, कुणी पाहिला नव्हता. पहिल्या पाळीचा माणूस उजाडायच्या आत गिरणीत, दुसऱ्या पाळीचा तेव्हा झोपलेला, तिसऱ्या पाळीचा अजून आतच. गावाला असताना बघितला असेल, पण ते कुणी लक्षात ठेवतं? पुढच्या रविवारी सरांनी आम्हा अकरा जणांना शिवडीच्या बंदरावर नेलं. खाडीच्या काठावर आम्ही गारठून उभे, आणि समोर ढगच ढग. साडेसात वाजले. उजेड सगळीकडून सारखाच आला.

"आज सूर्यान पण खाडो केल्यान, सर," दाजी म्हणाला.

सर हसले नाहीत. "आज दिसला नाही. पुढच्या रविवारी." पुढच्याही रविवारी ढग. तिसऱ्या रविवारी तो उरणच्या अंगानं लालभडक वर आला. सरांनी खिशातलं होकायंत्र काढून दिशा ताडून पाहिली. हो, होकायंत्र त्यांनी मुद्दाम आणलं होतं! मग त्यांनी असा चेहरा करून टिक केली की जणू सूर्यच त्यांच्या हाताखालून पास झाला होता.

दाजीबद्दल सांगायला हवं. दाजी आमच्या गावचा, लूम खात्यातला साचेवाला, तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास. आमच्या गावकरी मंडळाची लालबागला एक खोली होती. तीत गावची तीसेक माणसं पाळीपाळीनं झोपायची. प्रत्येकाला एक खुंटी आणि एका ट्रंकेपुरती जागा, जेवण खाणावळीत. दाजी त्या खोलीचा कारभारी. तो इंग्रजी शिकायला का येतो असं सरांनी विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं, "गेटार नोटीस लागता ती इंग्रजीत. खाली मराठीत लिवतत, पण अर्धाच. वरचां काय आसता तां माझां माका वाचूक व्हया." सरांनी वहीचं पहिलं पान त्याच्या नावावर घातलं.

त्याच बाकावर एक मुकादम बसायचा. त्यानं एकदा 'माय वाइफ राइट्स मी लेटर्स' असं वाक्य दिलं. सर म्हणाले, "एखादं पत्र आणा उद्या, लांबूनच दाखवा." दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून उभा राहिला. बायकोला लिहिता येत नव्हतं. सरांनी खडू त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "वाक्य बदला." त्यानं खूप वेळ विचार केला आणि फळ्यावर दोनच शब्द लिहिले. 'आय वेट.' मी वाट बघतो. सरांनी वही उघडली, कुठंही न जाता टिक केली आणि म्हणाले, "पाहिलं."

मग संप झाला. गिरण्या बंद पडल्या त्या आठवड्यात दाजीनं विचारलं, "सर, आमची वाक्यं वहीत आहेत ना, आय वर्क इन अ मिल म्हणून. आता ती खोटी झाली काय?" सरांशी बोलताना तो मालवणी बाजूला ठेवायचा. ते सगळ्यांच्याच मनात होतं. सरांनी डबी उघडली, मिटली. "राहू दे ती," ते म्हणाले. "संप केलाय, काम सोडलेलं नाही. मी बघतो कोण खोडतं ते." त्या दिवशी वर्ग सुटल्यावर कुणाचं पाऊल घरी वळेना. पाळ्या राहिल्या नव्हत्या तरी सरांनी तासाची वेळ बदलली नाही. सात म्हणजे सात. दिवसात निदान तेवढी एक गोष्ट वेळेवर होते म्हणून माणसं यायची.

महिने गेले. खाणावळीतलं ताट अर्ध्यावर आलं. पुष्कळजण गावी गेले. आमच्या खोलीतला एकजण पोलिसांच्या गाडीतून गिरणीत जाताना दिसला, तेव्हा दाजीनं त्याच्यावर हात उगारला नाही की शिवी दिली नाही. त्याची ट्रंक उचलली आणि गॅलरीत नेऊन ठेवली. ट्रंक बाहेर काढणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. खोलीतून गेला तो मंडळातून गेला, आणि मंडळानं गावी पत्र घातलं की तो गावातूनही गेला. पुढच्या शिमग्यात देवाची पालखी वाडीत घरोघर फिरली आणि त्याच्या अंगणासमोरून न थांबता पुढं गेली. त्याची आई आरती घेऊन दारात उभी होती, असं मागाहून कळलं.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीही मी गेलो. आमच्या खात्यात माणसं भरणारा जॉबर मला हिंदमाताला एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर भेटला आणि म्हणाला, "आत्ता येशील तर पर्मनंट. उद्या सगळे येतील तेव्हा परत गेटवर उभा." घरी कुणी आजारी नव्हतं. गावाला वर्षाचं भात होतं. उपासमारीनं गेलो असं मी पुढं कित्येकांना सांगितलं, पण ते खरं नाही. मला पर्मनंट व्हायचं होतं, एवढंच. मी पहाटे, खोली जागी व्हायच्या आत निघायचो आणि रेल्वेच्या बाजूच्या मागच्या दारानं आत शिरायचो. संध्याकाळी तिथंच आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून थेट वर्गात.

थ्रॉसल खात्यात हवेत कापसाचा तूस उडत असतो. भुवयांत बसतो, कानामागं बसतो. एरवी आम्हा सगळ्यांच्याच अंगावर तो असायचा, त्यामुळं कुणाला दिसत नसे. पण संपाच्या त्या महिन्यांत अख्ख्या गिरणगावाची डोकी स्वच्छ झाली होती. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. एका संध्याकाळी वर्गात दाजी माझ्या मागच्या बाकावर होता. त्यानं माझ्या कानामागं दोन बोटं घातली आणि एक पांढरा पुंजका उजेडात धरला.

"ह्यो कापूस खंयचो?"

"उशीतला," मी म्हणालो.

"उशी खंयची? तू तर सतरंजीर निजतंस. सकाळी खंय जातंस रे तू? खोलीत कोण उठाच्या आधी तुझी खुंटी रिकामी."

सगळा वर्ग वळला. माझ्या डोळ्यांपुढं गॅलरीतली ट्रंक आली, आणि माझ्या आईच्या हातातली आरती. तेवढ्यात पुढून सरांचा आवाज आला, "दाजी, त्यांना इंग्रजीत सांगू द्या. हं, बोला. रोज सकाळी काय करता?"

आणि मी बोललो. "आय गो टु ठाकूरद्वार एव्हरी मॉर्निंग. आय कॅरी वॉटर फॉर माय आंटी." न अडखळता, एक अक्षर न चुकता. तोवर मला कधी धड दोन वाक्यं जुळवता आली नव्हती. मावशी खरी होती. ठाकूरद्वारला तिसऱ्या माळ्यावर एकटी राहायची, नळ खाली चौकात, हेही खरं होतं. मी सहा महिन्यांत तिच्याकडं फिरकलो नव्हतो. लालबागचं कुणी तिकडं जाणार नाही असा माझा हिशेब. आणि ज्या एका माणसापासून लपवायला हवं होतं त्याच्याच गल्लीत मी माझं खोटं नेऊन ठेवलं.

सरांनी चाळ कुठली ते विचारून घेतलं आणि वहीत लिहिता लिहिता म्हणाले, "म्हणजे माझ्या वाडीच्या मागंच की. उद्याच येतो."

दुसऱ्या दिवशी मी गिरणीतून पळून गावी जायचा विचार केला. पण पळालो असतो तर तेच उत्तर ठरलं असतं. सातला जाऊन बसलो. सर आले. कोट खांद्यापाशी ओला होता. दाजीनं थांबूही दिलं नाही. "काय सर, बघितलंत?"

सरांनी डबी काढली. खडू बाहेर घेतला, परत आत ठेवला. माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला आज बरं वाटलं असतं. मग वही उघडली, टिक केली आणि म्हणाले, "पाहिलं."

दाजीचा चेहरा सैल झाला. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "माका माफ कर रे बाबा. दिवसच असले आसत." सर म्हणाले म्हणजे विषय संपला. कोर्टात साक्ष झाल्यासारखा संपला.

त्या दिवशी फळा सरांनी स्वतः पुसला. तास सुटल्यावर मी जिन्याशी थांबलो. ते खाली आले, माझ्याशेजारी क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या मावशींच्या पाण्याची वेळ सकाळी पावणेसात ते सव्वासात आहे." एवढंच बोलून छत्री उघडून निघून गेले. मला तो टोमणा वाटला.

पुढं काही दिवसांनी मी पाहिलं की सर खडू डाव्या हातात धरतायत. उजव्या तळव्यावर फोड आले होते. "हाताला काय झालं, सर?" असं मी विचारलंसुद्धा. "सवय नाही," ते म्हणाले. मी त्याचा अर्थ लावायला गेलो नाही.

गौरीच्या सुमाराला मावशीकडं गेलो. तिनं दारातच माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "किती रे गुणाचा तू! स्वतःला जमत नाही म्हणून मास्तरांना पाठवलंस. दोन हंडे आणून ठेवतात रोज. चहा विचारला तर म्हणतात, उभ्यानं घेत नाही आणि बसायला वेळ नाही. तूच सांगितलंस ना त्यांना?"

मी म्हणालो, "हो, मीच."

त्या दोन शब्दांची मला इतर कशाहूनही जास्त लाज वाटते. आयुष्यभर एकही खोटं वाक्य वहीत न ठेवणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला होता, आणि ते निदान निम्मं तरी खरं व्हावं म्हणून पन्नाशीनंतर तीन माळे पाणी चढवत होता. कुणाला न सांगता. आणि त्याचंही पुण्य मी माझ्या नावावर करून घेतलं. रोज सकाळी मी गिरणीत असायचो हे कारण खरं. पण रविवार होता. रविवारी मी जाऊ शकलो असतो. मी झोपून राहिलो.

संप संपला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो विरत गेला. माणसं एक एक करून गेटवर परत जाऊ लागली, कित्येकांना आत घेतलं नाही. दाजीही रोज जाऊन उभा राहायचा. अशाच एका सकाळी गेटवर नोटीस लागली, इंग्रजीत. खाली मराठीत दोन ओळी होत्या : यादीतील बदली कामगारांना कायम करण्यात आले आहे. कधीपासून कामावर हजर राहिल्याबद्दल, ते फक्त वर, इंग्रजीत होतं. दाजीनं ती बोट लावून, एक एक शब्द करत, अर्धा तास उभं राहून वाचली. कुणाची मदत न घेता त्यानं वाचलेली ती पहिली आख्खी नोटीस. तीत माझं नाव होतं आणि नावापुढं महिना, ऐन संपातला.

संध्याकाळी सातला दाजी वर्गात आला तो बाकावर बसला नाही. मी मागं होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"सर, आज मी नोटीस वाचली. माझी मी."

"वा!" सर म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर फुलला. मग दाजीचा चेहरा पाहून विझला.

"याचं मी समजू शकतो," दाजीनं माझ्याकडं मान न वळवता हात केला. "याच्यासारखे पुष्कळ. आता कोणाकोणाच्या ट्रंका बाहेर काढू? खोलीच रिकामी झाली. पण तुम्ही, सर? तुम्ही पाहिलं म्हणालात."

"म्हणालो."

"पाहिलं होतं?"

"नाही. खोटं बोललो मी." ते जागेवरून हलले नाहीत. "त्या दिवशी खरं सांगितलं असतं, तर तुम्ही यांची ट्रंक बाहेर ठेवली असती."

"ठेवली असती."

"तेच."

दाजी दाराकडं वळला. मग म्हणाला, "आम्हाला सगळ्यांनी फसवलं, सर. मालकांनी, सरकारनं. कुणाच्याच शब्दाला काय किंमत राहिली नाही. एक तुमची वही होती." त्याचा आवाज चढला नव्हता. तो गेला. त्याच्यामागून मुकादम गेला, मग आणखी चौघं-पाचजण. शेवटच्या बाकावर मी बसून होतो. उभं राहून मला फक्त एवढं म्हणायचं होतं : थांबा, हे रोज सकाळी माझ्या मावशीचं पाणी भरतात. एवढ्यानं काय झालं असतं कुणास ठाऊक, पण तेवढं म्हणणं माझ्या वाट्याचं होतं. मी म्हणालो नाही. महिनाभरात वर्ग बंद पडला. माणसंच उरली नव्हती, असं मी स्वतःला समजावलं, आणि तेही थोडंफार खरं होतं.

मग एकदा मला दुसरी पाळी आली, सकाळ मोकळी मिळाली, आणि मी ठाकूरद्वारला गेलो. सर नळावर रांगेत उभे होते, कोट काढून खांद्यावर टाकलेला, पुढं-मागं बायका. एकजण त्यांना म्हणत होती, "मास्तर, तुमचा नंबर माझ्यानंतर, उगाच पुढं सरकू नका हं!" आणि सर नम्रपणे मागं सरत होते. मी हंड्याला हात घातला.

"सर, आता कशाला? आता तर सगळ्यांना कळलं."

"त्यांना कळलं," सर म्हणाले, "पण मावशींना पाणी लागतंच की." मग एक हंडा माझ्याकडं देत म्हणाले, "तू हो पुढं. मी दुसरा आणतो."

तू. पहिल्यांदाच. मी जिना चढत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. दुसरी पाळी होती तोवर मी रोज गेलो. पाळी बदलली, जाणं सुटलं. सरांनी त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. मावशी गेली तोवर, सगळी मिळून चार वर्षं, त्यांनी पाणी चढवलं. त्यानंतर दोन वर्षांनी आमचं खातं बंद झालं आणि माझी कायमची नोकरीही संपली. मी कुरियरच्या ऑफिसात काउंटरवर लागलो. सर गेल्याचं मला वाडीतल्या कुणाकडून तरी उशिरा कळलं. वहीचं काय झालं ते कुणालाच सांगता आलं नाही.

यंदा दाजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आला आणि मंडळाच्या त्याच खोलीत उतरला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, एका डोळ्यावर हिरवं फडकं. मी गेलो, त्याच्या खाटेशी बसलो आणि सगळं सांगितलं. हंडे, फोड, मावशीला दिलेलं उत्तर, शेवटच्या बाकावरचं माझं गप्प बसणं. तो उघड्या डोळ्यानं छताकडं बघत होता.

"कितवो माळो?"

"तिसरो."

"रोज?"

"रोज. चार वर्षां."

तो उठून बसला. आणि मग त्यानं विचारलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण त्यालाही कळलं नसेल तो कुणासारखा बोलला ते. "ह्यां कोणी बगलां?"

"मावशीन. ती आता नाय. थोडे दिवस मी."

"तुझां सोड. उद्या सकाळी टॅक्सी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला आम्ही ठाकूरद्वारच्या त्या चौकात उभे होतो. नळ जागेवर होता. तळमजल्यावरच्या एका बाईकडून दाजीनं हंडा मागून घेतला. "कशाला हो आजोबा?" तिनं विचारलं. "बगूचां आसा," दाजी म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "भर."

मी हंडा भरला आणि खांद्यावर घेतला. दाजी कठड्याला धरून माझ्यामागून. प्रत्येक पायरी तो मोठ्यानं मोजत होता. दुसऱ्या माळ्यावर मला धाप लागली. मागून आवाज आला, "थांबा नको. ते थांबत हुते काय?" तिसऱ्या माळ्यावर मावशीच्या खोलीत आता एक तरुण मुलगी राहते. तिनं दार उघडून आमच्याकडं आणि हंड्याकडं आळीपाळीनं पाहिलं. "अंकल, आमच्याकडे चोवीस तास पाणी आहे," ती म्हणाली. तिच्या दाराशी तुळशीची कुंडी होती. मी हंडा कुंडीशेजारी खाली ठेवला.

दाजी शेवटच्या पायरीवर टेकला. "एकसष्ट," तो म्हणाला. बराच वेळ त्याचा श्वास जागेवर येईना. खालच्या नळाकडं तो एका डोळ्यानं बघत राहिला. मग म्हणाला, "आता वाक्य म्हण."

माझा खांदा ओला झाला होता. "आय कॅरीड वॉटर," मी म्हणालो.

"तुझां नको," दाजी म्हणाला. "त्येंचां म्हण."

"सर कॅरीज वॉटर," मी म्हणालो, "एव्हरी मॉर्निंग."

दाजीनं ते बोटांवर शब्द मोजत, ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिलं. मग कठड्यावर हात ठेवून तो उभा राहिला.

"बगलां," तो म्हणाला.